प्रवाळांच्या अभ्यासात आपली मुले का नसावीत?

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारची पहाट. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे ओहोटी खोल गेली होती. दक्षिण मुंबईतील एका खडकाळ किनाऱ्यावर आम्ही साध्या चपला घालून गेलो आणि शेवाळावरून दोनदा घसरलो. आमच्यासोबत तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती आणि तिचे वडील. मुलीचे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत गेले. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. तिच्याच इच्छेवरून नाव देत नाही.

एका डबक्याशी ती उकिडवी बसली. खडकाच्या कडेला तळहाताएवढी, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी एक खपली चिकटलेली होती. ती म्हणाली, "बाबा, हात लावू नका. पण नीट बघा. हे जिवंत आहे."

वडिलांनी वाकून पाहिले. "हे तर मी कितीदा बघितलंय. दगड समजायचो."

परत येताना मुलगी पुढे गेली तसे ते आमच्याजवळ आले. आवाज खाली करून त्यांनी दोन प्रश्न विचारले. "सर, याच्यावर पोट भरतं का?" आणि लगेच दुसरा, "आणि भरत असलं तरी तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?"

दुसरा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आपल्या वस्तीत इंजिनीअर आहेत, वकील आहेत, नर्स आहेत, बँकेत तर घरटी एक माणूस आहे. त्या क्षेत्रांत जायचे तर कोणाचे दार ठोठवायचे हे माहीत असते. समुद्राच्या तळाशी काम करणारा आपला माणूस कोण, हे मात्र आम्हालाही सांगता येईना. म्हणून आम्ही त्या मुलीला बसवून सगळे विचारले, स्वतः थोडे वाचले, आणि हा लेख लिहीत आहोत.

पोवळे म्हणजे काय

घरात पोवळे माहीत असते ते अंगठीमुळे. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रात सापडणाऱ्या एका वेगळ्याच प्रवाळाचा सांगाडा आहे आणि मंगळाशी त्याचा संबंध ज्योतिष्याच्या खिशापुरता आहे. आपण बोलतो आहोत ते समुद्रात भिंती आणि बेटे उभारणारे प्रवाळ. हा एक अगदी लहान, मऊ अंगाचा प्राणी, जेलीफिशच्या नात्यातला. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण वाटी बांधतो. अशा हजारो वाट्या एकमेकींना जोडून वसाहत होते आणि वसाहतींवर वसाहती चढून शेकडो, हजारो वर्षांत प्रवाळभिंत तयार होते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्याचाच.

पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले आणि कित्येक आठवडे तापलेलेच राहिले की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि पाणी लवकर निवले नाही तर उपाशी मरतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ अशा तीन वेळा साऱ्या जगातील प्रवाळांवर हे संकट आले. चौथ्या वेळेची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभिंतींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जाती कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने जगतात. मासळी जगली तर कोळी जगणार. बेटांवर राहणाऱ्यांसाठी लाट अडवणारी हीच भिंत आहे.

भारतात प्रवाळभिंती प्रामुख्याने चार ठिकाणी आहेत. कच्छचे आखात, तमिळनाडूतील मन्नारचे आखात व त्याला लागून असलेली पाल्कची खाडी, लक्षद्वीप, आणि अंदमान-निकोबार. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचा मोठा बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. मुंबईत मोठी भिंत नाही, खडकांना चिकटलेल्या वसाहती आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील काही वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. ज्या चाळीत ही मुलगी वाढली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हे घडले आणि चाळीत कोणाला पत्ताही नव्हता.

पोट भरते का?

भरते, पण उशिरा आणि उड्या मारत. हे आम्ही लपवणार नाही. कारण एका पगारावर पाच माणसे जगणाऱ्या घराला खोटी आशा दाखवणे हा अपराध आहे.

कायम स्वरूपाच्या शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, भारतीय प्राणी सर्वेक्षण, काही विद्यापीठे. या जागांसाठी पीएच.डी. लागते आणि तिच्यानंतरही वाट पाहावी लागते. तोवर माणूस प्रकल्पांवर जगतो. वर्षाचा प्रकल्प, तीन वर्षांचा प्रकल्प, मग मध्ये चार महिने काहीच नाही. त्याशिवाय वन खात्याचे प्रकल्प आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, किनाऱ्यावरच्या बांधकामांचा पर्यावरणावरील परिणाम तपासणाऱ्या कंपन्या आहेत. या कंपन्यांत पगार बरा असतो. तिथे सत्य किती लिहू देतात हा वेगळा विषय.

शिक्षणाची वाट तशी सरळ आहे. बारावी विज्ञान, बी.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा जवळचा विषय, मग सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. ही पदवी गोवा विद्यापीठात, कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, तमिळनाडूत परंगीपेट्टैला अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्रात आणि पाँडिचेरी विद्यापीठाच्या अंदमानातील केंद्रात मिळते. मत्स्यशास्त्राकडून यायचे तर रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय संस्था आहे. एम.एस्सी. नंतर नेटची परीक्षा कोणत्याही परिस्थितीत द्यावी. फेलोशिप मिळाली तर दरमहा पैसे येतात आणि गाइडसमोर आपण हात पसरून उभे राहत नाही. बौद्धांना १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती आहेत. पीएच.डी. साठी बार्टीची फेलोशिप, परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, या तिन्हींच्या अटी दरवर्षी स्वतः वाचाव्यात. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. जात पडताळणीचे कागद मात्र पदवीच्या पहिल्या वर्षालाच तयार ठेवा. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो.

इथपर्यंतचे कुठल्याही करिअर मार्गदर्शन पुस्तिकेत मिळेल. तिथे न मिळणारी गोष्ट वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नात होती.

ओळख आणि वशिला

'ओळखी वाढवा' असे म्हटले की आपल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. पडणारच. आपण वशिल्याने मारले गेलेले लोक आहोत. मुलाखतीत आपली फाइल खाली आणि मामाच्या भाच्याची वर, हे आपल्या वडिलांनी पाहिले आणि आपणही पाहिले. म्हणून ओळख शोधणे आपल्याला लाचारी वाटते. आपली मुले मान खाली घालून गुण मिळवतात आणि जाहिरातीची वाट पाहत बसतात.

या क्षेत्रात जाहिरातीची वाट पाहणारा मागे राहतो, याचे कारण समुद्रात आहे. पावसाळ्यात बोट सोडता येत नाही. पाणी नितळ आणि शांत असते ते मोजकेच महिने. एखाद्या शास्त्रज्ञाचा निधी सप्टेंबरात मंजूर झाला तर त्याला नोव्हेंबरात काम करणारी माणसे हवी असतात. तो चार सहकाऱ्यांना फोन करून विचारतो, "कोणी मुलगा-मुलगी आहे का? बोट लागत नसलेली, वही नीट लिहिणारी, महिनाभर बेटावर कुरकूर न करता राहणारी?" ज्याचे नाव त्या चौघांपैकी एकाच्या तोंडी आले तो गेला. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. घाई असते आणि विश्वासाचा प्रश्न असतो. बोटीवरच्या एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

आमच्या लेखी फरक असा. वशिल्यात तुमचे काम न बघता कोणीतरी तुमची शिफारस करतो. ओळखीत तुमचे काम बघितलेला माणूस तुमचे नाव घेतो. पहिला वारशाने मिळतो, दुसरी मिळवता येते. मात्र आपले काम कोणीतरी बघावे यासाठी आधी आपण हलावे लागते.

प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही हे करावे लागले. जगभरच्या प्रवाळ-अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद कुठे भरली असेल? अमेरिकेत नाही, ऑस्ट्रेलियातही नाही. ती १९६९ च्या जानेवारीत, रामेश्वरमच्या अलीकडे मंडपम कॅम्प या लहानशा गावी भरली. मत्स्य संशोधन संस्थेचे मुख्यालय तेव्हा तिथे होते आणि भारतीय सागरी जीवशास्त्र संघटनेने परिषद बोलावली होती. त्याच संस्थेतील सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांनी भारतातील प्रवाळांच्या जाती ओळखण्याचे पायाभूत काम केले. परिषदेचा ग्रंथ १९७२ मध्ये निघाला, त्याच्या दोन संपादकांपैकी ते एक. दुसरी परिषद १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, चक्क एका जहाजावर भरवली गेली. दिवसचे दिवस एकाच जहाजावर जेवणारी, भांडणारी, एकत्र पाण्यात उतरणारी माणसे पुढे आयुष्यभर एकमेकांना पत्रे लिहिणार, हे उघड आहे. आज ही परिषद साधारण चार वर्षांनी भरते. मनिला, बाली, ओकिनावा, होनोलुलू अशी जग फिरली. भारतात ती पुन्हा आलेली नाही.

आता आमच्या मुलीकडे येऊ. एम.एस्सी. च्या पहिल्या वर्षाला तिने अकरा शास्त्रज्ञांना एकच पत्र पाठवले. 'मला संशोधनाची अत्यंत आवड असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी ही नम्र विनंती.' एकाचेही उत्तर आले नाही. ती आठवडाभर रडली आणि आईने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला.

मग एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने तिला फटकारले, "अगं, त्यांना रोज अशी दहा पत्रं येतात. तू त्यांचं काहीतरी वाचलंयस का?" वाचले नव्हते. तिने एक शोधनिबंध घेतला आणि शब्दकोश जवळ ठेवून तीन रात्री वाचला. समुद्रतळावर एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवून तिच्यातले प्रवाळ मोजायचे, अशी त्यातली पद्धत होती. ओहोटीला किनाऱ्यावर तिने स्वतः दोऱ्याची चौकट करून पाहिली आणि तिला एक अडचण आली. तीच तिने पत्रात लिहिली: 'वसाहत अर्धी चौकटीच्या आत आणि अर्धी बाहेर असेल तर तुम्ही ती मोजली का? मी मोजली आणि माझा आकडा फुगला.' चौथ्या दिवशी उत्तर आले. दोन बाजूंना टेकलेल्या मोजायच्या, उरलेल्या दोन बाजूंना टेकलेल्या सोडायच्या, हा नियम त्यांनी समजावून दिला आणि शेवटी विचारले, 'तुम्ही कुठे शिकता?'

त्या एका ओळीवर तिचे पुढचे सगळे उभे आहे. आधी घरबसल्या काम मिळाले. पाण्याखाली काढलेल्या छायाचित्रांवर ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते नोंदवायचे, जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल की वाळू. शेकडो छायाचित्रे. सगळे झोपल्यावर, जुन्या लॅपटॉपचा उजेड धाकट्या भावाच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून चादर डोक्यावर घेऊन तिने ते केले. वर्षभराने त्याच शास्त्रज्ञाने दुसऱ्याला तिचे नाव सांगितले.

तिची एक वही आम्ही पाहिली. साधी दोनशे पानी. भेटलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, कुठे भेटला, काय बोलणे झाले, आपण काय पाठवतो म्हणालो, पाठवले का, त्यांनी काय सांगितले. कोणी मदत केली असेल तर तिचे पुढे काय झाले हे त्यांना कळवल्याची तारीख. हे शेवटचे बहुतेक मुले विसरतात. मदत घेतात आणि गप्प होतात. मदत करणाऱ्याला तिचे फळ कळले तर तो पुन्हा मदत करतो, एवढी साधी गोष्ट आहे.

सुरुवात करायला मोठी पदवी लागत नाही. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनारा दाखवायला नेतो. तिथे विद्यार्थी येतात, शिक्षक येतात, कधी एखादा संशोधकही असतो. परिषदांत विद्यार्थ्यांसाठी भित्तिपत्रके लावण्याची सोय असते. आपले पत्रक लावून त्याच्याजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचे. इंग्रजीची भीती वाटते? तिलाही वाटली. तिने चार वाक्ये पाठ केली आणि पाचव्याला अडली तर सरळ आकृतीवर बोट ठेवले. एक मात्र तिने बजावून सांगायला लावले आहे. उत्साहाच्या भरात प्रवाळाचा तुकडाही तोडून आणायचा नाही. २००१ पासून हे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. परवानगीशिवाय गोळा करणे गुन्हा आहे.

आमचा एखादा वाचक म्हणेल, हे सगळे ठीक, पण ओळख जात बघून होते, कामाचे काय घेऊन बसलात? त्याचे खोटे नाही. पहिल्याच शिबिरात तिला आडनाव विचारले गेले आणि त्यापाठोपाठ, कोणत्या कोट्यातून आलीस? अशा वेळी आम्हाला अर्नेस्ट एव्हरेट जस्ट या कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञाची आठवण होते. त्यांचा विषय प्रवाळ नव्हता, समुद्री प्राण्यांची अंडी हा होता. १८८३ चा जन्म, चार वर्षांचे असताना वडील वारले. १९०९ पासून सुमारे वीस उन्हाळे त्यांनी वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत काढले. अंडी जिवंत कशी ठेवावीत, केव्हा फलित करावीत हे विचारायला गोरे शास्त्रज्ञ त्यांच्याकडे येत. पण त्यांपैकी एकाही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. १९२९ मध्ये ते इटलीत नेपल्सच्या प्रयोगशाळेत गेले, पुढे बर्लिन आणि पॅरिसमध्ये राहिले. युरोपात त्यांना मान मिळाला. १९४१ मध्ये ते वारले.

म्हणजे काम असूनही दार बंद राहू शकते. मग एकट्याने धडका मारत बसायचे का? २०२० मध्ये अमेरिकेतील टिआरा मूर या शास्त्रज्ञ बाईंनी कृष्णवर्णीय सागरी अभ्यासकांची स्वतंत्र संघटना काढली, 'ब्लॅक इन मरीन सायन्स'. विखुरलेल्यांनी एकमेकांना शोधायचे, जागा निघाली की कळवायचे, नव्या मुलांना समुद्रावर न्यायचे. आपल्याकडे समुद्रविज्ञानात आपली किती मुले आहेत याची साधी यादीही नाही. कोणी करील का?

पोहता न येणारी माणसे

प्रवाळाचे सगळेच काम पाण्याखाली नसते. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारे आहेत, प्रयोगशाळेत जनुके वाचणारे आहेत. हैदराबादच्या समुद्री माहिती सेवा केंद्रात बसून पाण्याच्या तापमानावरून ब्लीचिंगचा इशारा देणारेही आहेत. पण भिंतीवर काम करायचे तर पाण्यात उतरावे लागते आणि इथे आपली मुले अडतात.

तिला पहिल्यांदा बेटावर जायची संधी आली तेव्हा तिने घरची अडचण सांगून नकार दिला. खरे कारण, पोहता येत नव्हते आणि ते सांगायची लाज वाटली. संधी गेली. ती आजही म्हणते, "मी खरं बोलले असते तर त्यांनी मला बोटीवर नोंदी घ्यायला तरी ठेवलं असतं."

समुद्र हाकेवर आणि पोहता कोणालाच येत नाही, अशी आपली घरे. पाण्याशी आपले नाते कोणी आणि कसे तोडले हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचीही हीच कथा आहे. गोऱ्यांच्या तलावात त्यांना प्रवेश नव्हता. आजी पोहली नाही, म्हणून आई पोहली नाही, म्हणून मुलगी पोहली नाही. ही साखळी तोडायला मोठा पैसा लागत नाही. ती बाविसाव्या वर्षी महापालिकेच्या तरण तलावात सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभी राहिली. मुले हसली. पोरगी दोन महिन्यांत तरंगायला लागली.

स्कूबाचे प्रशिक्षण मात्र महाग आहे. आपल्या राज्यात तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे केंद्र आहे. घाईने कर्ज काढून कोर्स करू नये असे आमचे मत. प्रकल्पात शिरल्यावर पुष्कळदा संस्थाच डायव्हिंग शिकवते. आधी पोहणे, मग नळी लावून पृष्ठभागावरून पाहणे, एवढे स्वतः करावे.

नाव कुठे गेले?

एक कडू गोष्ट राहिली. एका संस्थेसाठी तिने दोन वर्षे छायाचित्रांच्या नोंदी केल्या. शोधनिबंध छापून आला. लेखकांत तिचे नाव नव्हते, शेवटच्या आभारांतही नव्हते. धीर करून विचारले तर उत्तर मिळाले, "तू नुसती डेटा एन्ट्रीच तर केलीस."

हे तिच्याच वाट्याला आले असे नाही. २०२१ मध्ये 'करंट बायोलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. पन्नास वर्षांतील प्रवाळांवरील निबंध त्यात तपासले होते. इंडोनेशिया आणि फिलिपीन्स येथे जाऊन केलेल्या कामाच्या सुमारे ४० टक्के निबंधांत त्या देशाचा एकही लेखक नव्हता. ऑस्ट्रेलियात हे प्रमाण निम्मे, सुमारे २० टक्के. श्रीमंत देशातून यायचे, बोट भाड्याने घ्यायची, गावच्या माणसाकडून भिंत कुठे आहे ते विचारून घ्यायचे, मोजायचे आणि निघून जायचे. याला 'पॅराशूट विज्ञान' म्हणतात. आपल्या देशातही मोठ्या शहरातून बेटावर जाणाऱ्यांनी हे केले नाही असे कोणी म्हणू नये.

आता ती काम सुरू होण्याआधीच विचारते: माझ्या कामाची नोंद कशी होईल? लेखक व्हायचे तर मी आणखी काय केले पाहिजे? बोलणे झाले की त्याच दिवशी पत्र लिहून ठेवते: 'आपल्यात असे ठरले, चुकत असल्यास कळवावे.' भांडणाची भाषा नाही, फक्त कागद. पहिल्यांदा हात कापले म्हणाली. एकाने ते पत्र वाचून पुढे बोलावलेच नाही. दुसऱ्याने लगेच 'बरोबर आहे' असे लिहून दिले आणि गेल्या वर्षी त्या निबंधात तिचे नाव तिसरे आले. स्वतःच्या पहिल्या टिपणात तिने बोटवाल्याचे नाव आभारांत घातले. त्याला ते कळवले तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे हे कुठं छापलंय?"

सध्या ती अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, ज्याचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले, एका तीन वर्षांच्या प्रकल्पावर आहे. पगार बँकेतल्या कारकुनापेक्षा कमी. तीन वर्षांनंतर काय, हे तिला माहीत नाही. आई अजूनही बँकेच्या परीक्षेची जाहिरात आली की फोन करते. नेटचा निकाल यायचा आहे.

वडिलांची निवृत्ती दीड वर्षावर आली आहे. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. कपाटाच्या दारावर त्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक चिकटवले आहे. चहा पिता पिता म्हणाले, "सर, पुढच्या अमावास्येला वस्तीतली सात-आठ पोरं घेऊन जाऊ म्हणतो किनाऱ्यावर. तिनं फोनवर सगळं सांगितलंय, काय दाखवायचं ते. तुम्ही येणार का?" मग आमच्या पायांकडे पाहून म्हणाले, "या वेळी बूट घालून या."